शंभर वर्षांची हुंडी

हुंडी हा शब्द आतां रोजच्या व्यवहारांतून बराच मागें पडला आहे. परंतु ज्या काळीं बँका खेडोपाडीं पोहोंचल्या नव्हत्या, त्या काळीं आपल्या देशांतील दूरदूरचा व्यापार या एका कागदाच्या चिठोऱ्यावर चालत असे. पुण्याच्या सावकारानें चार ओळी लिहून द्याव्या आणि काशीच्या पेढीनें त्या पाहून रोख रुपये मोजावे, ही गोष्ट नवख्या माणसाला जादूसारखी वाटे. तींत जादू कांहींच नव्हती. कागदाला स्वतःची अशी किंमत नसते. किंमत असते ती लिहिणाराच्या शब्दाला आणि तो शब्द पाळणाऱ्या पेढीला. पेढी बुडाली कीं हुंडी रद्दी झाली. हा जुना व्यवहार आज आठवण्याचें कारण असें कीं, सध्यां जगांत एक नवीन प्रकारची हुंडी चालूं झाली आहे. तिला ‘कार्बन क्रेडिट’ असें म्हणतात. ती हवेच्या हिशोबांत लिहिली जाते, झाडांच्या खोडांत वटते, आणि तिची मुदत कधीं कधीं शंभर वर्षांची असते. अशा हुंडीच्या बळावर उजाड पडलेल्या शेतांचें पुन्हां रान करण्याचा एक मोठा उद्योग पश्चिम ऑस्ट्रेलियांत चालला आहे. तो कसा चालतो, आणि त्यांत खरें किती व भास किती, हें समजून घेण्यासारखें आहे.

प्रथम तो मुलूख कोठें आहे तें सांगितलें पाहिजे. ऑस्ट्रेलिया खंडाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यांत पर्थ नांवाचें शहर आहे. मुंबईचा समुद्र ज्या हिंदी महासागराचा एक बाहु आहे, त्याच महासागराचा हा पलीकडचा किनारा. पर्थ मागें टाकून पूर्वेकडे निघालें म्हणजे प्रथम डार्लिंग नांवाची टेंकड्यांची रांग लागते, आणि ती ओलांडल्यावर गव्हाचा प्रदेश सुरू होतो. कोयत्याच्या पात्यासारखा वांकलेला हा पट्टा विस्तारानें महाराष्ट्राच्या जवळजवळ निम्मा आहे. येथें पाऊस पडतो तो मे ते ऑक्टोबर या महिन्यांत. परंतु तेथील ऋतु आपल्या उलट असल्यामुळें तो तिकडचा हिवाळा असतो. पट्ट्याच्या आंतल्या कडेला तर वर्षाकांठीं सुमारे ३०० मिलिमीटर इतकाच पाऊस. आपल्या माणदेशांतील शेतकऱ्यालाहि हा आंकडा ऐकून हळहळ वाटावी.

इतक्या तुटपुंज्या पावसावर तेथें काय उगवत असेल, असें सहज मनांत येतें. पण सृष्टीचा हिशोब निराळा असतो. या नैर्ऋत्य कोपऱ्यांत वनस्पतींच्या सात हजारांहून अधिक जाति आहेत, आणि त्यांतील जवळजवळ निम्म्या जगांत अन्यत्र कोठेंहि आढळत नाहींत. तांबूस-गुलाबी, गुळगुळीत सालीचा उंच ‘सॅमन गम’. जमिनींतल्या एकाच गड्ड्यापासून अनेक खोडें फुटणारे ‘मॅली’. हे सारे आपल्याकडे ज्याला निलगिरी म्हणतात त्या वृक्षाचे भाऊबंद. त्यांच्या जोडीला नाना प्रकारच्या बाभळी. त्यांतील एकीच्या लांकडाला रासबेरीच्या मुरंब्यासारखा वास येतो, म्हणून तिचें नांवच ‘जॅम’ पडलें आहे. नूंगार आणि उत्तरेकडे यमाजी या नांवांनीं ओळखले जाणारे तेथील मूळचे रहिवासी चाळीस हजार वर्षांहून अधिक काळ या रानांत नांदत आले. त्यांनीं या रानाला जागोजाग नियमानें आग लावली, त्यांतून अन्न मिळविलें, शिकार केली. पण त्याचें मूळ उपटलें नाहीं.

१८२९ सालीं इंग्रजांनीं तेथें वसाहत केली. पुढील सत्तर-पाऊणशें वर्षें शेतीचा पसारा बेताचाच होता. विसाव्या शतकाच्या आरंभापासून रेल्वे आंतवर पोहोंचूं लागली, निकस मातीला जोर देणारें फॉस्फेटचें खत मिळूं लागलें, आणि मग कुऱ्हाडीला विसांवा उरला नाहीं. सरकार जमीन देतांना अटच अशी घालीत असे कीं, ठराविक मुदतींत इतके एकर रान साफ झालें पाहिजे. दुसऱ्या महायुद्धानंतर लढाईवरून परतलेल्या शिपायांना जमिनी मिळाल्या, आणि १९६० च्या दशकांत ‘वर्षाला दहा लक्ष एकर’ हें त्या राज्याचें घोषवाक्यच होऊन बसलें. दोन ट्रॅक्टरांच्या मध्यें जाडजूड लोखंडी सांखळी बांधावयाची आणि दोघांनीं समांतर चालावयाचें. मधलें सारें रान कापलेल्या गवतासारखें आडवें होई. मग तें वाळवून पेटवून द्यावयाचें. या माणसांना खलपुरुष ठरविणें सोपें आहे, पण तें न्यायाचें होणार नाहीं. जग गहूं मागत होतें, सरकार शाबासकी देत होतें, आणि तंबूंत दिवस काढून शेत उभें करणाऱ्या कुटुंबाला आपण देशकार्य करीत आहों असेंच वाटत होतें.

परंतु जमिनीच्या पोटांत एक जुनें देणें लिहून ठेवलेलें होतें. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्या-पावसाबरोबर किंचित् किंचित् मीठ हजारों वर्षें या प्रदेशावर पडत आलें आहे. भूमि सपाट, नद्या मंद, त्यामुळें तें वाहून न जातां मातीच्या खोल थरांत सांचत गेलें. हेक्टरीं शेंकडों टन, आणि कोठें कोठें त्याहूनहि अधिक. जोंवर वर रान होतें तोंवर या मिठाचा उपद्रव नव्हता. त्या झाडांचीं मुळें खोल जाणारीं, आणि पानें बाराहि महिने हिरवीं; पडलेल्या पावसाचा जवळजवळ थेंबन् थेंब तीं वरच्यावर पिऊन टाकीत. रान गेलें आणि त्या जागीं गहूं आला. गव्हाचीं मुळें उथळ, आणि आयुष्य कांहीं महिन्यांचें. त्यानें न प्यालेलें पाणी खालीं मुरूं लागलें, भूमिगत पाण्याची पातळी वर्षावर्षानें वर चढूं लागली, आणि चढतांना तिनें खालचें मीठहि आपल्याबरोबर वर आणलें. पाणी उन्हानें उडून गेलें, मीठ तेवढें राहिलें. आपल्याकडे सांगली-कोल्हापूरच्या बाजूला उंसाच्या मळ्यांत पाण्याचा अतिरेक होऊन जमिनी क्षारपड झालेल्या आहेत, त्या ज्यांनीं पाहिल्या असतील त्यांना हा प्रकार सहज समजेल. भेद इतकाच कीं, येथें माणसानें पाटाचें पाणी आणून जमीन खारवली, आणि तेथें पाटाचा थेंबहि नसतांना केवळ झाडें काढून ती खारवली.

हें कोणाला ठाऊक नव्हतें असें मात्र नाहीं. तेथील रेल्वेचे एक अभियंते डब्ल्यू. ई. वुड यांनीं १९२४ सालीं पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकांत एक निबंध प्रसिद्ध केला. मूळचें रान नष्ट केल्यामुळें माती व ओढे खारट होत आहेत, हा त्याचा विषय. वाफेच्या इंजिनाला गोडें पाणी लागतें. तेव्हां पाण्याच्या चवींतला फरक रेल्वेच्या माणसाच्या लक्षांत यावा हें स्वाभाविकच होतें. रोगाचें निदान अशा रीतीनें झालें होतें, आणि तें अचूक होतें. तरीहि त्यानंतर चाळीस वर्षांनीं वर्षाला दहा लक्ष एकरांची घोषणा झालीच! ज्ञान आणि आचरण यांमधील हें अंतर केवळ ऑस्ट्रेलियाचें नव्हे. मनुष्यजातीच्या बहुतेक मोठ्या चुका अज्ञानांतून झालेल्या नसून, कळलेल्या गोष्टीकडे पाठ फिरवल्यामुळें झालेल्या आहेत.

परिणाम आज डोळ्यांना दिसतो. दहा लक्ष हेक्टरांहून अधिक शेतजमीन मिठानें ग्रासली आहे. सखल भागीं पांढरे चट्टे, आणि त्यांत उभीं असलेलीं वाळलेल्या झाडांचीं करड्या रंगाचीं खोडें. पट्ट्यांतील कित्येक तालुक्यांत मूळच्या रानाचा दहावा हिस्साहि उरलेला नाहीं. जें उरलें तें शेतांच्या समुद्रांत बेटांसारखें विखुरलेलें. एका बेटांतील पक्ष्याला दुसऱ्या बेटांत जावयाचें तर मध्यें आसरा नाहीं. त्यांत भर म्हणून १९७० नंतर या कोपऱ्यांतील हिवाळी पाऊस सुमारे सहाव्या हिश्श्यानें घटला आहे, आणि त्या घटीचा संबंध शास्त्रज्ञ वातावरणांत वाढत चाललेल्या कार्बन डायऑक्साइड वायूशीं जोडतात.

आतां यावर उपाय काय? झाडें लावणें हा उपाय सांगावयाला शास्त्रज्ञाची गरज नाहीं. अडचण असते ती खर्चाची. गहूं विकतां येतो, लोंकर विकतां येते. पण परत आलेला पक्षी कोणत्या बाजारांत विकावयाचा? खाली उतरलेल्या खाऱ्या पाण्याचा भाव कोण देणार? शेतकऱ्यानें आपल्या खर्चानें हजार एकरांवर रान लावावें आणि त्यापासून पै मिळूं नये, ही अपेक्षा सत्पुरुषाकडूनच करावी लागेल. आणि सत्पुरुषांच्या भरंवशावर राज्य चालत नाहीं. येथेंच ती नवी हुंडी उपयोगी पडली.

तिचें गणित शाळेंतल्या मुलालाहि करतां येण्यासारखें आहे. झाड वाढतें तें मुख्यतः हवेंतून. हवेंतील कार्बन डायऑक्साइड वायु पानें शोषून घेतात, त्यांतील कार्बन ठेवून घेतात आणि प्राणवायु मोकळा करतात. वाळलेल्या लांकडाच्या वजनांत साधारणपणें निम्मा कार्बन असतो. कार्बनचे १२ भाग प्राणवायूच्या ३२ भागांशीं मिळाले म्हणजे त्या वायूचे ४४ भाग होतात. तेव्हां एक टन वायूंत कार्बन सुमारे २७३ किलो. आणि तेवढा कार्बन सांठविण्यासाठीं लांकूड लागेल सुमारे साडेपांचशें किलो. म्हणजे जमिनीवर साडेपांचशें किलो नवें, वाळलेल्या वजनाचें लांकूड उभें राहिलें कीं हवेंतून एक टन वायु कमी झाला, असा हिशोब. त्या एका टनाचें एक क्रेडिट. अर्थात् झाडें तोडून कोणी तराजूंत घालीत नाहीं. नमुन्याच्या तुकड्यांतील खोडांचीं मापें घेऊन, किंवा पाऊस, माती व झाडांचें वय यांवरून सरकारनें ठरविलेल्या गणितानें हा अंदाज काढला जातो.

२०११ सालीं ऑस्ट्रेलियाच्या मध्यवर्ती संसदेनें यासंबंधीं कायदा केला. त्याप्रमाणें लागवड करणाऱ्यानें पंचवीस वर्षें किंवा शंभर वर्षें रान राखण्याचें वचन द्यावयाचें असतें. पुढें वणवा, दुष्काळ आदिकरून नुकसान होईल म्हणून शंभर टनांतील पांच टन प्रथमच बाजूला काढून ठेवतात. आणि वचन पंचवीस वर्षांचेंच असेल तर आणखी वीस. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या राज्यानें तर त्याच्याहि आधीं, २००३ सालीं, कायदा करून झाडांतील कार्बनवरचा हक्क जमिनीच्या दप्तरांत नोंदविण्याची सोय केली. आपल्याकडे सातबाऱ्यावर बोजा चढतो तसाच हा एक बोजा. पुढें जमीन कोणाच्याहि हातीं गेली तरी तो तिच्याबरोबर जातो. आणि हीं क्रेडिटें घेतो कोण? कांहीं कारखाने व कंपन्या आपल्या धुराची भरपाई म्हणून स्वेच्छेनें घेतात; आणि जे मोठे कारखाने वर्षाला एक लक्ष टनांहून अधिक धूर सोडतात, त्यांच्यावरील मर्यादा २०२३ पासून दरसाल आंवळत नेण्याचा नियम झाल्यामुळें त्यांना तीं घेण्याची गरज वाढली आहे.

पर्थच्या उत्तरेस सुमारे चारशें किलोमीटरांवर, पेरेंजोरी गांवाच्या आसपास, या पैशांवर उभें राहिलेलें रान पाहावयास मिळतें. यारा यारा नांवाच्या खाऱ्या सरोवरांच्या माळेवरून त्याचें नांव पडलें आहे. २००८ पासून तेथें जुन्या शेतांचे तुकडे एकामागून एक लागवडीखालीं आणले गेले, आणि आतां त्यांचें क्षेत्र दहा हजार हेक्टरांहून अधिक झालें आहे. हेतु असा कीं, उरलेल्या रानाचीं विखुरलेलीं बेटें एकमेकांना जोडलीं जावीं, आणि पक्ष्या-प्राण्यांना किनाऱ्याकडून आंतल्या बाजूस जाण्यासाठीं हिरवी वाट मिळावी. दक्षिणेकडे ‘गोंडवाना लिंक’ या नांवानें २००२ पासून असाच, पण याहून लांबलचक वाटेचा उद्योग अनेक संस्था मिळून करीत आहेत. गोंडवाना हें नांव आपल्याला परकें नाहीं. भूगर्भशास्त्रज्ञांनीं तें आपल्या मध्य हिंदुस्थानांतील गोंडांच्या देशावरूनच घेतलें. आणि फार पुरातन काळीं हिंदुस्थान व ऑस्ट्रेलिया हे एकाच विशाल खंडाचे भाग होते.

लागवडीचें काम वाटतें तितकें सोपें नाहीं. आधीं उरलेल्या रानांतून बीं गोळा करावें लागतें, आणि तें शक्यतों त्याच परिसरांतलें. बाभळीच्या बियांचें कवच टणक. त्यांवर उकळतें पाणी ओतल्याशिवाय त्या उठत नाहींत, ही युक्ति आपल्याकडील माळ्यांनाहि ठाऊक आहे. कित्येक वनस्पतींचें बीं तर धुराची वाट पाहत बसतें. वणव्यानंतर जमीन मोकळी झाली असें धुरावरून त्याला कळतें. २००४ सालीं पश्चिम ऑस्ट्रेलियांतल्याच शास्त्रज्ञांनीं धुरांतील तो नेमका पदार्थ शोधून काढला, आणि आतां धुराचें पाणी करून तें बियांना देतात. शेताची घट्ट झालेली माती खोल फाळानें फाडावयाची, तण मारावयाचें, आणि पहिला चांगला पाऊस झाला कीं जून-जुलैमध्यें रोपें लावावयाचीं. जेथें मीठ वर आलेलें आहे तेथें मिठाला दाद न देणारीं झुडपें, त्याच्या वरच्या उतारावर बाभळी, आणि चांगल्या मातींत मोठीं झाडें, असा मान राखावा लागतो. पहिलीं दोन-तीन वर्षें ससे, मेंढ्या व कांगारू यांच्यापासून जपावें लागतें. एवढें करूनहि पाऊस रुसला तर सारी मेहनत मातींत जाते.

या झाडांत एक आपल्या ओळखीचें आहे, तें म्हणजे चंदन. आपल्या चंदनाची ही ऑस्ट्रेलियांतील बहीण. १८४० च्या दशकापासून तिचें लांकूड परदेशीं जात आलें आहे. चंदनाचा स्वभाव असा कीं, तें एकटें वाढूं शकत नाहीं. त्याचीं मुळें शेजारच्या झाडाच्या मुळांना चिकटून त्यांच्यापासून रस घेतात. तेथें हें यजमानपण मुख्यतः त्या मुरंब्याच्या वासाच्या बाभळीकडे असतें. म्हणून चंदन हवें असेल त्यानें आधीं बाभूळ लावली पाहिजे, आणि ती रुजली म्हणजे मग चंदन. रान म्हणजे झाडांची संख्या नव्हे, तर शेजाराचा संबंध होय, हें या एका वृक्षावरून ध्यानांत येतें. आणि शेजार हा त्या त्या मातीचा असावा लागतो. उत्तर ऑस्ट्रेलियांतील एक बाभूळ आपल्याकडे कोंकणांत सरसहा लावलेली आहे. ती वाढली भराभर, परंतु आपल्या रानाची सोयरीक तिला जमली नाहीं. तिकडची लेक तिकडेच शोभते.

नेमकी येथेंच या हुंडीची पहिली उणीव दिसून येते. तिचा तराजू कार्बन तेवढा तोलतो. एकाच जातीचीं, झपाट्यानें वाढणारीं झाडें रांगेनें लावलीं तरी तराजूला तीं चालतात; कधीं कधीं अधिकच आवडतात. चाळीस-पन्नास जातींचें मिश्र रान लावणें महाग, आणि त्यांतील एखाद्या झुडपाचें वजन तें काय असणार! त्या झुडपावर जगणारी माशी, माशीवर जगणारा पक्षी, आणि खालीं बसत चाललेलें खारें पाणी यांची नोंद टनांच्या वहींत होत नाहीं. मिश्र रानाचीं क्रेडिटें कांहीं ग्राहक चढ्या भावानें घेतात, म्हणून तें परवडतें. परंतु हा ग्राहकाच्या मनाचा मोठेपणा झाला, तराजूचा न्याय नव्हे.

दुसरा आक्षेप याहून मूलगामी आहे. दगडी कोळसा कोट्यवधि वर्षें भूगर्भांत निजलेला होता. तो जाळावयाचा, आणि त्याची भरपाई म्हणून शंभर वर्षें जगेल अशा झाडाकडे बोट दाखवावयाचें, हा सौदा समतोल आहे काय? वाममार्गानें पैसा मिळवून त्यांतील चतकोर अन्नछत्राला देणाऱ्या माणसासारखें हें नव्हे काय? या आक्षेपाचें पुरतें निरसन कोणीहि केलेलें नाहीं. आणि प्रामाणिक उत्तर इतकेंच देतां येईल कीं, झाड ही धूर कमी करण्याच्या कामाला जोड होऊं शकते, त्याची जागा घेऊं शकत नाहीं. तिसरा आक्षेप खोट्या हुंड्यांचा. २०२२ च्या मार्चमध्यें प्राध्यापक अँड्र्यू मॅकिन्टॉश यांनीं ऑस्ट्रेलियांतील या क्रेडिटांपैकीं बऱ्याच मोठ्या भागावर उघड टीका केली. जें रान कोणी तोडणारच नव्हतें तें राखल्याबद्दल पैसे घेतले जातात, जें पावसानें आपोआप वाढलें असतें त्याबद्दलहि घेतले जातात, असा त्यांचा रोख होता. सरकारनें प्राध्यापक इयन चब यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी केली. एकंदर व्यवस्था मुळांत ठीक असल्याचें चौकशीनें म्हटलें, परंतु ‘न तोडल्याबद्दल’ क्रेडिट देण्याच्या पद्धतींत नवीं कामें घेऊं नयेत अशी शिफारसहि केली. उघड्या गव्हाच्या शेतावर हातानें लावलेलें रान या संशयापासून पुष्कळसें मुक्त आहे. काल तेथें ढेंकळें होतीं आणि आज झाडें आहेत, हें कोणालाहि जाऊन पाहतां येतें.

चौथी गोष्ट आक्षेपापेक्षां दुःखाची आहे. गव्हाच्या पट्ट्यांतील गांवें आधींच ओसरत चाललेलीं. यंत्रें मोठीं झालीं, शेतें मोठीं झालीं, माणसें कमी झालीं. त्यांत एखादें संपूर्ण शेत झाडांसाठीं विकलें गेलें म्हणजे एक घर बंद होतें. शाळेच्या पटावरून दोन नांवें कमी होतात, आणि दुकानाच्या वहींतलें एक खातें मिटतें. आजोबानें सांखळी ओढून साफ केलेली जमीन नातवानें पुन्हां रानाला परत द्यावी, हें ऐकावयास गोड आहे. पण त्या आजोबाच्या घामाकडे पाहिलें तर नातवाच्या मनाची घालमेलहि समजूं शकते. म्हणून ज्या ठिकाणीं शेतकरी आपल्या चांगल्या जमिनींत गहूं ठेवतो, आणि खारट, निकस तुकडेच झाडांना देऊन त्यांच्या उत्पन्नावर दुष्काळाचें वर्ष निभावून नेतो, तो मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो. तेथें रानहि वाढतें आणि घराचा दिवाहि तेवत राहतो.

या साऱ्या हिशोबाच्या पलीकडे काळाचा प्रश्न उरतोच. या प्रदेशांत ‘मॅलीफाउल’ नांवाचा कोंबडीएवढा पक्षी आहे. तो अंडीं उबवीत बसत नाहीं. नर वाळूचा व पालापाचोळ्याचा भला मोठा ढीग रचतो. खालचा पाला कुजून ऊब निर्माण होते, आणि तो चोंच खुपसून ती अजमावतो. अधिक झाली तर वाळू उकरतो, कमी झाली तर लोटतो. आणि असें महिनोन् महिने करून ती ३३ अंशांच्या आसपास राखतो. हा पक्षी यावयाचा तर नुसतीं झाडें उभीं असून भागत नाहीं. त्यांच्याखालीं वर्षानुवर्षांचा पाला सांचलेला असला पाहिजे. ‘कार्नाबी’ या नांवाचा काळा काकाकुवा तर आणखी थांबावयास लावतो. त्याचें घरटें जुन्या सॅमन गमसारख्या वृक्षाच्या पोकळ ढोलींत असतें, आणि अशी ढोली तयार होण्यास शंभर वर्षांहून अधिक काळ लागतो. पंचवीस वर्षांची हुंडी वटून चुकलेली असेल, पैसा खर्चून झालेला असेल, सही करणारे हयात नसतील. आणि झाड मात्र अजून ढोलीच्या वयांत आलेलें नसेल. शंभर वर्षांचें वचनसुद्धां त्या काकाकुव्याच्या दारापर्यंत जेमतेमच पोहोंचतें.

शंभर वर्षें वचन पाळणें मनुष्याला साधतें काय? आपल्याकडे तें साधलेलें आहे. सह्याद्रीच्या खेड्यांतील देवराया कोणत्याहि कायद्याशिवाय, दप्तरांतील नोंदीशिवाय पिढ्यान्पिढ्या राहिल्या. त्यांतली वाळकी काटकीहि घरीं नेऊं नये, असा दंडक आजीनें नातवाला सांगितला आणि नातवानें आपल्या नातवाला. तेथें हुंडीची पेढी गांवाची श्रद्धा ही होती. आणि जेथें ती श्रद्धा विरली, रस्ता आला किंवा लांकडाला भाव आला, तेथें कित्येक देवराया नाहींशाहि झाल्या, हें कबूल केलें पाहिजे. श्रद्धेची पेढीहि बुडूं शकते. मग बाजाराच्या पेढीचा भरंवसा कोणी द्यावा? एका ठिकाणीं देवाचें भय होतें, दुसऱ्या ठिकाणीं कायद्याचें आहे. दोन्हीकडे राखणारा मात्र माणूसच.

तात्पर्य असें कीं, कार्बन क्रेडिट ही वस्तु देवदूतहि नाहीं आणि ठगहि नाहीं. जें काम पैशाअभावीं अडलें होतें त्याला तिनें चाल दिली, हें तिचें श्रेय निर्विवाद आहे. त्या चालण्याची दिशा मात्र ती सांगत नाहीं. दिशा सांगितली ती १९२४ सालच्या त्या निबंधानें, आणि त्याच्याहि हजारों वर्षें आधींपासून रान राखून राहिलेल्या लोकांच्या वहिवाटीनें. पेरेंजोरीजवळच्या जुन्या शेतांत आज जो मनुष्य गुडघ्याएवढ्या रोपाच्या मुळाशीं माती दाबतो, तो त्याच्या ढोलींत बसलेला काकाकुवा पाहणार नाहीं. त्याचा मुलगाहि पाहणार नाहीं. पाहिला तर पणतू पाहील; आणि तोहि केव्हां, मधल्या तीन पिढ्यांनीं कुऱ्हाड, मेंढी आणि मोह यांना त्या कुंपणाबाहेर ठेवलें तरच. तेवढी राखण झाली, तर त्या कागदावर लिहिलेला टन खरा. नाहीं तर ती हुंडी न वटतांच परत आली असें समजावें.